घरी राइट केलेली डीव्हीडी संगणकावर चालते, प्लेअरवर मात्र अडकते

कृष्णाकाठ

नमस्कार.

माझे आजोबा नारदीय परंपरेतले कीर्तनकार होते. नव्वदच्या दशकात वाई आणि आसपासच्या गावांतील उत्सवांत झालेली त्यांची काही कीर्तने नातेवाइकांनी व्हीएचएस कॅसेटवर चित्रित करून ठेवली होती. त्या कॅसेट मी व्हीसीआर आणि कॅप्चर कार्ड जोडून संगणकावर उतरवून घेतल्या आहेत आणि त्यांच्या डीव्हीडी घरीच राइट करून नात्यातील सर्व घरांना देण्याचे काम सध्या चालू आहे. आई आता ऐंशीच्या घरात आहे. दिवाणखान्यातल्या टीव्हीला लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरीने जोडलेला जुना डीव्हीडी प्लेअर आणि त्याचा रिमोट एवढेच तिच्या हाताला सवयीचे आहे. त्यामुळे ही कीर्तने तिला डीव्हीडीवरच पाहता आली पाहिजेत, असा माझा प्रयत्न आहे.

अडचण अशी की, मी राइट केलेल्या बहुतेक डिस्क पूर्वरंग संपेपर्यंत निर्वेध चालतात आणि उत्तररंगात आख्यान रंगात आले की चित्र फुटू लागते. पडद्यावर चौकोन दिसतात, आवाज तुटतो आणि थोड्या वेळाने प्लेअर पूर्ण थांबतो. त्याच डिस्क माझ्या संगणकावर मात्र शेवटपर्यंत चालतात. याशिवाय भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर काही डिस्क तयार करून दिल्या आहेत. त्या घातल्या की प्लेअर काही वेळ घरघरतो आणि ‘नो डिस्क’ असे दाखवतो. अमेरिकेत राहणाऱ्या धाकट्या बहिणीला मी पाठवलेली डिस्क तिच्या प्लेअरने स्वीकारलीच नाही. तिच्या मते हा रीजन कोडचा, म्हणजे जगाच्या विभागानुसार डिस्कवर घातलेल्या बंधनाचा, प्रश्न असावा. आणखी एक गोष्ट याच ओघात विचारतो. भावाच्या लग्नाची डीव्हीडी, जी २००६ साली छायाचित्रकाराकडून मिळाली होती, ती आता कोणत्याच प्लेअरवर उघडत नाही.

लेन्स साफ करण्याची डिस्क वापरून पाहिली, परंतु फरक पडला नाही. विकत आणलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी याच प्लेअरवर उत्तम चालतात, म्हणून प्लेअर बदलावा की नाही याचा निर्णय होत नाही. दोष प्लेअरचा आहे, डिस्कचा आहे की माझ्या पद्धतीचा, हे कसे ओळखावे?

चित्रसंकलक

कृष्णाकाठ यांस,

आपण लिहिलेल्या सर्व तक्रारी एकाच बिघाडाच्या वाटल्या, तरी त्यांची कारणे निरनिराळी आहेत, आणि प्लेअर नेमका कोणत्या टप्प्यावर थांबतो याकडे लक्ष दिल्यास ती वेगळी काढता येतात. डिस्क घातल्याबरोबर ‘नो डिस्क’ येणे, सुरुवात नीट होऊन उत्तरार्धात चित्र फुटणे आणि मध्येच एखाद्या धावपळीच्या दृश्यात अडखळून पुढे नीट चालणे, या तिन्हींचा उपाय एक नाही.

प्रथम दोन गैरसमज बाजूला ठेवू. ‘विकतच्या डिस्क चालतात, म्हणजे प्लेअर ठीक आहे’ हा निष्कर्ष पुरेसा नाही. कारखान्यात छापलेल्या डिस्कवर सूक्ष्म खड्डे साच्याने उठवलेले असतात आणि त्यावर धातूचा चकचकीत थर असतो. घरी राइट केलेल्या डिस्कमध्ये खड्ड्यांऐवजी सेंद्रिय रंगद्रव्याचा थर लेझरने जागोजागी बदललेला असतो आणि त्याचे परावर्तन कमी असते. पुन्हा पुन्हा पुसता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कचे तर त्याहूनही कमी. प्लेअरचा लेझर थकू लागला की त्याची झळ सर्वप्रथम आरडब्ल्यू डिस्कना, नंतर साध्या राइट केलेल्या डिस्कना आणि अगदी शेवटी चित्रपटांच्या डिस्कना बसते. ‘संगणकावर चालते, म्हणजे डिस्क ठीक आहे’ हाही निष्कर्ष तितकाच कच्चा आहे. संगणकाचा ड्राइव्ह डिस्क कितीतरी वेगाने फिरवतो, न वाचलेला भाग पुन्हा पुन्हा वाचतो, स्मरणात भरपूर साठा ठेवतो आणि तरीही काही हुकले तर व्हीएलसीसारखा संगणकावरचा प्लेअर-प्रोग्रॅम तो दोष झाकून पुढे जातो. दिवाणखान्यातल्या प्लेअरकडे यातले फारसे काही नसते. म्हणून तीच डिस्क शेजाऱ्यांच्या किंवा नातेवाइकांच्या प्लेअरवर, त्याच ठिकाणी नेऊन पाहावी. तिथेही त्याच मिनिटाला चित्र फुटले, तर दोष डिस्कमध्ये आहे.

आता उत्तररंगाचा प्रश्न. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते. डीव्हीडीवरील लेखन मात्र आतून बाहेर जाते. त्यामुळे कीर्तनाचा उत्तररंग येतो तो डिस्कच्या बाहेरच्या काठाजवळ, आणि तोच भाग सर्वांत नाजूक असतो. रंगद्रव्याचा थर काठाशी असमान असण्याची शक्यता अधिक, बोटांचे ठसे तिथेच उमटतात, डिस्क किंचित वाकलेली असेल तर तिचे डुलणे तिथेच जास्त होते. त्यात भर म्हणजे, १६ एक्स, म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या सोळापट, वेगाने राइट करताना ड्राइव्ह सुरुवातीपासून त्या वेगाने लिहीत नाही. आतल्या बाजूला तो साधारण ६ ते ७ एक्सने आरंभ करतो आणि बाहेर जाताना वेग वाढत वाढत काठाशी १६ एक्सला पोहोचतो. म्हणजे आजोबांच्या आख्यानाचा भाग सर्वाधिक वेगाने आणि सर्वांत वाईट जागेवर लिहिला जात आहे.

यावर साधी परीक्षा आहे. तेच कीर्तन असे तयार करावे की डिस्कवर साडेतीन जीबीच्या आतच जागा व्यापली जाईल, आणि ते ८ एक्सने राइट करावे. एकेरी थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी म्हणून छापलेली असते. विंडोज तिलाच ४.३८ जीबी म्हणते, कारण मोजण्याची पद्धत वेगळी आहे. साडेतीन जीबीत राहिल्यास काठाचा पट्टा रिकामा राहतो. मग चित्र फुटणे थांबले, तर कारण सापडले असे समजावे.

जागा वाचवण्यासाठी चित्राचा दर्जा कमी करावा लागेल ही भीती व्हीएचएसच्या बाबतीत बाळगू नये. डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांत पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीसाठी ७२० × ५७६ हा आकार सर्वांना ठाऊक आहे. परंतु ३५२ × ५७६ हाही आकार त्याच नियमांत पूर्णपणे मान्य आहे. व्हीएचएसच्या फितीत आडवा तपशील मुळातच इतका थोडा असतो की ७२० बिंदूंत तो ताणून काही मिळत नाही, उलट फितीतली खरखर सांभाळण्यातच बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरायची माहिती, खर्च होतो. मात्र ३५२ × २८८ हा व्हीसीडीचा आकार निवडू नये, कारण त्यात अर्ध्या ओळी गळून जातात आणि हालचालींची सफाई नाहीशी होते. ३५२ × ५७६ या आकाराला सरासरी ३,५०० ते ४,००० केबीपीएस बिटरेट कीर्तनासारख्या स्थिर चौकटीला सहज पुरतो. कमाल बिटरेट ९,८०० पर्यंत नेण्याची मुभा आहे, तरी जुन्या प्लेअरसाठी मी तो ८,००० च्या वर कधी जाऊ देत नाही. आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेल्या, स्वरूपात ठेवला असेल तर तो एकटाच १,५३६ केबीपीएस घेतो. तो डॉल्बी डिजिटलमध्ये १९२ केबीपीएसवर आणल्यास पेटी, तबला, झांज आणि निरूपण सर्व काही स्वच्छ ऐकू येते. या हिशेबाने दीड ते पावणेदोन तासांचे कीर्तन साडेतीन जीबीत बसते.

एक बारकावा आवर्जून सांगतो. व्हीएचएसच्या चित्राच्या अगदी तळाशी काही ओळींचा थरथरणारा, तिरपा पट्टा असतो. व्हीसीआरचे हेड बदलण्याच्या क्षणी तो उमटतो. जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे तो लपून जात असे, म्हणून तेव्हा कोणाला दिसला नाही. हा पट्टा चित्राच्या प्रत्येक चौकटीत (फ्रेममध्ये) वेगळा असल्याने एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून डीव्हीडीच्या स्वरूपात आणणारा प्रोग्रॅम, त्यावर निष्कारण बिट खर्च करतो. एन्कोड करण्यापूर्वी तळाच्या त्या ओळी काळ्या करून टाकाव्यात. चित्र कापून आकार बदलू नये.

भाच्याच्या डिस्कबद्दल माझा अंदाज असा. कोरी डिस्क घातली की विंडोज दोन पर्याय देते: डिस्क यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी तयार करायची. पहिला पर्याय निवडल्यास डिस्कवर ज्या प्रकारची फाइल रचना होते, ती घरगुती प्लेअरला वाचता येत नाही. दुसरा पर्याय निवडूनही नुसती एमपीफोर फाइल डिस्कवर टाकली, तर जुना प्लेअर तीही वाचत नाही, कारण त्याला एमपीईजी-२ चित्र आणि ठरावीक रचना हवी असते. ती डिस्क संगणकात उघडून पाहावी. ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर आणि त्यात आयएफओ, बीयूपी व व्हीओबी अशा तीन प्रकारच्या फाइली दिसल्या नाहीत, तर ती डीव्हीडी-व्हिडिओ नाही, एवढाच त्याचा अर्थ. डीव्हीडीस्टायलरसारख्या विनामूल्य प्रोग्रॅमने ही रचना तयार होते. नंतर इम्गबर्न या प्रोग्रॅमने राइट करताना फाइल सिस्टीम आयएसओ ९६६० आणि यूडीएफ अशी जोड स्वरूपात, यूडीएफ आवृत्ती १.०२ ठेवावी. डिस्क फायनलाइज म्हणजे बंद करण्याचा पर्याय चालू आहे ना, हेही पाहावे. बंद न केलेली डिस्क ज्या ड्राइव्हवर लिहिली तिथे उघडते आणि प्लेअरवर उघडत नाही. ‘नो डिस्क’चे हे दुसरे नेहमीचे कारण आहे.

सागरवाट

चित्रसंकलक यांनी रचना आणि बिटरेटचा भाग सविस्तर लिहिला आहे. मी रत्नागिरी भागात लग्नमुंजींचे चित्रीकरण करत आलो आहे आणि डीव्हीडीच्या काळात ग्राहकांना द्यायच्या डिस्क स्वतःच राइट करत असे, म्हणून प्रत्यक्ष डिस्कविषयी थोडे लिहितो.

डिस्क निवडताना खोक्यावरच्या नावावर विसंबू नये. एकाच नावाच्या दोन खोक्यांत दोन निरनिराळ्या कारखान्यांचा माल असू शकतो, कारण अनेक कंपन्या डिस्क स्वतः बनवत नसत, दुसऱ्यांकडून बनवून घेत. कोऱ्या डिस्कवरच निर्मात्याचा सांकेतिक क्रमांक लिहिलेला असतो आणि इम्गबर्नच्या उजवीकडच्या माहितीत तो वाचता येतो. ज्या क्रमांकाची डिस्क आपल्या आईच्या प्लेअरवर शेवटपर्यंत चालली, तो लिहून ठेवावा आणि पुढची खरेदी त्यावरून करावी. ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्येही (त्याच्या आतल्या कायम प्रोग्रॅममध्ये) याच क्रमांकानुसार लेझरची शक्ती आणि वेळ ठरवलेली असते. अनोळखी क्रमांक आला की ड्राइव्ह सर्वसाधारण रीतीने लिहितो आणि तिथेच गुणवत्ता घसरते.

वेगाच्या बाबतीत चित्रसंकलक यांचा ८ एक्सचा सल्ला योग्य आहे, परंतु तो वाचून कोणी आणखी सावधगिरी म्हणून २ किंवा २.४ एक्सवर जाऊ नये. १६ एक्ससाठी बनवलेल्या डिस्कचे रंगद्रव्य वेगवान लेखनाला अनुकूल असते, आणि फार कमी वेगावर लिहिल्यास खुणा बेढब उमटतात. पुष्कळ ठिकाणी ‘जितके सावकाश तितके चांगले’ असे सांगितले जाते. ते जुन्या, कमी वेगाच्या डिस्कपुरते ठीक होते. आपल्या ड्राइव्हला त्रुटी मोजण्याची सोय असल्यास नीरोच्या डिस्कस्पीडसारख्या प्रोग्रॅमने डिस्क तपासावी. सलग ८ ब्लॉकांमागे दुरुस्त होणाऱ्या पहिल्या पातळीच्या त्रुटी २८० च्या आत असाव्यात अशी मर्यादा आहे. चांगली डिस्क त्याच्या पुष्कळ खाली राहते. आलेख काठाकडे जाताना उभा चढत असेल, तर आपल्या उत्तररंगाची कथा तिथेच लिहिलेली दिसेल.

उणे आर (डीव्हीडी-आर) की अधिक आर (डीव्हीडी+आर), हा प्रश्न जुन्या प्लेअरसाठी अजूनही महत्त्वाचा आहे. फार जुने प्लेअर डीव्हीडी-आर अधिक सहज घेतात. डीव्हीडी+आर वापरायची असल्यास ड्राइव्हमध्ये ‘बुक टाइप’ बदलण्याची सोय आहे का ते पाहावे. ती असल्यास डिस्क स्वतःची ओळख डीव्हीडी-रॉम अशी सांगते, आणि एरवी नाकारणारे प्लेअरही ती स्वीकारतात. दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क या कामाला वापरू नये. थर बदलण्याच्या जागी जुने प्लेअर थबकतात, आणि कीर्तन दोन डिस्कवर विभागायचेच झाले तर पूर्वरंग-उत्तररंगाची सीमा त्यासाठी तयार आहेच.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवले असेल तर ते ताबडतोब बंद करावे. लेबल अर्धा मिलिमीटर जरी एका बाजूला सरकले, तरी फिरताना तोल जातो. आमच्याकडच्या दमट हवेत तर कागद आक्रसतो किंवा फुगतो आणि डिस्कला बाक आणतो. नाव लिहायचे ते पाण्यावर आधारित मार्करने, मधल्या पारदर्शक कड्याजवळ लिहावे. पुसताना मऊ सुती कापडाने केंद्रापासून काठाकडे सरळ पुसावे, गोल फिरवून पुसू नये. गोल ओरखडा लेखनाच्या रेषेच्याच दिशेने जातो आणि सलग पुष्कळ माहिती खातो; आडवा ओरखडा त्रुटी-दुरुस्तीच्या आवाक्यात राहतो.

आता २००६ सालच्या लग्नाच्या डिस्कविषयी. कृपया टूथपेस्ट, मेण किंवा पॉलिश यांपैकी काहीही लावू नका. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहितीचा थर त्यांच्या मध्ये असतो. डिस्क उजेडासमोर धरून काठाकडे पाहावे. तिथे आत सरकलेला ढगाळ डाग दिसला, तर दमटपणा चिकट थरात शिरला आहे. मधल्या भोकापाशी बारीक तड दिसली, तर ती घट्ट बसलेल्या पेटीतून ओढून काढताना गेलेली आहे. तड गेलेली डिस्क वेगाने फिरवू नये. तसे काही नसेल, तर बहुधा रंगद्रव्य फिके झाले आहे आणि अशा डिस्कमधून पुष्कळदा बहुतेक सर्व माहिती परत मिळते.

त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावा. तो आधी सहज वाचता येणारा भाग घेतो, अवघड जागा वगळून पुढे जातो आणि मग त्या जागांकडे परत येतो. काय मिळाले आणि काय राहिले याची नोंद तो एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. या नोंदीचा मोठा उपयोग असा की, तीच डिस्क दुसऱ्या संगणकाच्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेल्या जागांपासूनच काम पुढे चालू ठेवता येते. एका ड्राइव्हला न दिसलेला भाग दुसऱ्याला दिसतो, हा अनुभव मला कायम येत गेला आहे. ग्राहकांच्या अशा डिस्क मी नेहमी निरनिराळ्या बनावटीच्या ड्राइव्हमधून फिरवतो. डिस्क फायनलाइज झालेलीच नसेल, तर आयसोबस्टर हा प्रोग्रॅम तिच्यातील चित्रफिती शोधून काढू शकतो. कॅमेऱ्यात राइट होणाऱ्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कच्या बाबतीत त्याची फार मदत होते. आणि मूळ छायाचित्रकाराकडे एकदा अवश्य विचारावे. आमच्यापैकी काहींनी कॅमेऱ्याच्या मूळ फिती अजून जपून ठेवल्या आहेत.

दूरदेशी

मी अमेरिकेत राहतो आणि भारतातून आलेल्या कौटुंबिक डिस्कच्या बाबतीत या अडचणीतून गेलो आहे. आपल्या भगिनीच्या प्लेअरचा प्रश्न रीजन कोडचा नसावा. भारताचा रीजन ५ आणि अमेरिकेचा १ हे खरे आहे, परंतु रीजनचे बंधन चित्रपट विकणाऱ्या कंपन्या डिस्कवर घालतात. घरी तयार केलेली डिस्क सहसा सर्व रीजनसाठी खुली असते.

अडचण पाल आणि एनटीएससी यांची आहे. भारतात पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी आणि ५७६ ओळी; इथे एनटीएससी, म्हणजे २९.९७ चौकटी आणि ४८० ओळी. भारतात विकले जाणारे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती घेतात, म्हणून तिकडे या भेदाची जाणीवही होत नाही. इथले अनेक प्लेअर मात्र फक्त एनटीएससी घेतात आणि पाल डिस्क दिसताच ती चालणार नाही असा संदेश देतात. काहींच्या सेटअपमध्ये टीव्ही पद्धतीसाठी ‘मल्टी’ किंवा ‘ऑटो’ असा पर्याय असतो. तो आधी शोधायला सांगावे.

तो नसल्यास एनटीएससी डिस्क बनवून पाठवण्याचा आग्रह मी धरणार नाही. २५ चौकटींच्या २९.९७ करताना मधल्या चौकटी जुळवाव्या लागतात, ओळींची संख्याही बदलते, आणि व्हीएचएसच्या आधीच मऊ असलेल्या चित्रात हालचाल ओढल्यासारखी दिसू लागते. ज्या घरात डीव्हीडी वाचणारा लॅपटॉप आहे तिथे आपली पाल डिस्क व्हीएलसीवर जशीच्या तशी चालते. नसेल तर मूळ कॅप्चरवरून, चौकटींची संख्या न बदलता, एक एमपीफोर फाइल करून पाठवावी. आपल्या आईसाठी डीव्हीडी हाच मार्ग योग्य आहे, पण इथल्या नातवंडांसाठी तो असण्याची गरज नाही.

कृष्णाकाठ

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे.

एका कीर्तनावर सांगितल्याप्रमाणे प्रयोग केला. ३५२ × ५७६ आकार, आवाज १९२ वर, तळाचा पट्टा काळा, एकूण फाइल साडेतीन जीबीच्या आत आणि ८ एक्स वेग. आईच्या प्लेअरवर पूर्वरंग, मध्यंतरातील नामजप, आख्यान आणि शेवटची आरती असे सर्व काही न अडखळता दिसले. नंतर हेच कीर्तन जुन्या खोक्यातील डिस्कवर पूर्ण काठापर्यंत भरून राइट केले, तेव्हा चित्र पुन्हा उत्तररंगातच फुटले. शेजाऱ्यांच्या प्लेअरवरही जवळजवळ त्याच ठिकाणी. म्हणजे प्लेअर बदलण्याची गरज नाही. भाच्याच्या डिस्कवर नुसत्या एमपीफोर फाइली होत्या, व्हिडिओ_टीएस फोल्डर नव्हता. लग्नाच्या डिस्कला तड किंवा डाग दिसत नाही. डीडीरेस्क्यूने पहिल्या फेरीत मोठा भाग मिळाला असून उरलेल्यासाठी दुसऱ्या ड्राइव्हची व्यवस्था करत आहे.

आता एक नवी गोष्ट लक्षात आली आहे. आजोबा चिपळ्या वाजवताना किंवा उपरणे सावरून वळताना टीव्हीवर हात मागेपुढे थरथरल्यासारखा दिसतो. स्थिर उभे असताना चित्र उत्तम आहे. संगणकावर पाहिले तर हा दोष दिसत नाही. हाही डिस्कच्या वाचनाचा दोष आहे का?

चित्रसंकलक

नाही, डिस्क उत्तम वाचली जात आहे. हा फील्डच्या क्रमाचा दोष आहे आणि तो पूर्णपणे दुरुस्त होतो.

व्हीएचएसवरील प्रत्येक चौकट दोन फील्डची बनलेली असते: एका फील्डमध्ये विषम ओळी, दुसऱ्यात सम ओळी. सेकंदाला २५ चौकटी म्हणजे ५० फील्ड, आणि त्या एकामागून एक येणारे ५० वेगवेगळे क्षण असतात. कोणती फील्ड आधीची हे एन्कोडरला चुकीचे सांगितले गेले, तर टीव्हीवर नंतरचा क्षण आधी आणि आधीचा नंतर येतो. हात पुढे जातो, किंचित मागे येतो, पुन्हा पुढे जातो. स्थिर वस्तूला दोन्ही क्षण सारखेच असल्याने तिथे काही दिसत नाही. संगणकावरचे बहुतेक प्लेअर दोन्ही फील्ड एकत्र करून दाखवतात, म्हणून तिथे हा दोष झाकला जातो.

डीव्ही कॅमेऱ्याच्या चित्रात खालची फील्ड आधी असते, तर पाल पद्धतीच्या कॅप्चर कार्डातून आलेल्या चित्रात बहुधा वरची. आपल्या एन्कोडरमध्ये ‘खालची आधी’ असा पर्याय राहिला असण्याची शक्यता मोठी आहे. संपूर्ण कीर्तन पुन्हा एन्कोड करण्यापूर्वी चिपळ्यांचा भाग असलेला दोन मिनिटांचा तुकडा कापून घ्यावा, तो एकदा ‘वरची आधी’ आणि एकदा ‘खालची आधी’ असा दोन शीर्षकांत डीव्हीडी+आरडब्ल्यूवर लिहावा आणि टीव्हीवर पाहावा. दोन्हींतला फरक पाहताक्षणी कळतो. आईचा प्लेअर आरडब्ल्यू डिस्क वाचत नसेल, तर चाचणीपुरती एक साधी डिस्क खर्ची घालावी.

क्रम ठरला की नेहमी मूळ कॅप्चर फाइलवरूनच पुन्हा एन्कोड करावे, आधी बनवलेल्या व्हीओबीवरून करू नये. दुसऱ्यांदा दाबलेल्या चित्रात उपरण्याच्या घड्या आणि चेहऱ्यावरचे भाव सर्वप्रथम पुसट होतात. एन्कोडर चित्राचे डीइंटरलेसिंग, म्हणजे फील्ड मोडून पूर्ण चौकटी, करत असेल तर तेही बंद ठेवावे. डीव्हीडी आणि जुना टीव्ही यांना फील्ड हवीच असतात, आणि ती काढून टाकल्यास सेकंदाचे ५० क्षण २५ वर येतात. भगिनीला पाठवायच्या एमपीफोर फाइलीत मात्र डीइंटरलेसिंग करावे, आणि प्रत्येक फील्डची एक चौकट करून ती ५० चौकटींची ठेवावी. दूरदेशी यांनी जी संख्या न बदलण्याचे सांगितले आहे, तिला यामुळे बाधा येत नाही, कारण एकही क्षण नव्याने बनवावा लागत नाही.

सागरवाट

एक विनंती. राइट करून झाल्यावर इम्गबर्नमधील पडताळणीचा पर्याय प्रत्येक डिस्कला चालवावा, आणि वाटण्याच्या सर्व डिस्क झाल्या तरी मूळ कॅप्चर फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. डीव्हीडी पाहण्यासाठी आहे. जपणुकीचा भार तिच्यावर टाकू नये. व्हीएचएस कॅसेटही टाकून देऊ नका. त्या सुरुवातीपर्यंत पूर्ण गुंडाळून, उभ्या, कोरड्या कपाटात आणि स्पीकरपासून दूर ठेवा. पावसाळ्यात फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसल्यास ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. तशी एखादी असेल तर आधी इथे लिहा, ती साफ करण्याची रीत मी सविस्तर सांगेन.